रामन यांचे कान आणि लाखाची तार

काल २८ फेब्रुवारी. राष्ट्रीय विज्ञान दिन सालाबादप्रमाणे साजरा झाला. निळा समुद्र, जहाजाचा प्रवास, प्रकाशाचे विकिरण आणि फेट्यातले ते परिचित छायाचित्र दिवसभर सर्वत्र फिरत राहिले. आमच्या चेन्नईत या दिवसाला स्थानिक अभिमानाचीही जोड असते, कारण चंद्रशेखर वेंकट रामन इथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. माझ्या फोनवर त्या छायाचित्राच्या लगेच खाली एक जाहिरात उमटली. घरगुती ध्वनिसंचासाठी ‘क्वांटम प्रक्रिया’ केलेली स्पीकरची तार, तीन मीटरांची जोडी. किंमत एका कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याच्या तीन महिन्यांच्या पाठ्यवृत्तीइतकी, म्हणजे लाखाच्या वर. या दोन गोष्टी एकाखाली एक दिसाव्यात आणि आपल्यापैकी कोणालाही त्यात विसंगती जाणवू नये, याचा मला राग आहे. हा लेख त्या रागातून लिहिला आहे.

रामन यांच्या ध्वनिविषयक कार्याचा उल्लेख विज्ञान दिनाच्या भाषणांत क्वचितच येतो. वस्तुतः प्रकाशाकडे वळण्यापूर्वी दहाहून अधिक वर्षे ते मुख्यतः कंपने आणि वाद्ये यांचा अभ्यास करीत होते. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात. मृदंग आणि तबला यांच्या तोंडावरील शाईमुळे ते तसे होतात, आणि म्हणून आपली तालवाद्ये सुरात लागतात. हे त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. तंबोरा आणि वीणा यांच्या वक्र घोडीमुळे, जी स्वरघटके सिद्धान्तानुसार उमटायलाच नकोत तीही तारेत कशी उमटतात, हे त्यांनी त्याच सुमारास दाखवले. १९२१ मध्ये लंडनला गेले असता सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखालील कुजबुज-सज्जात त्यांनी प्रयोग केले. ज्या वास्तूत ध्वनी उमटतो ती वास्तूही त्या ध्वनीचा भाग असते, हे ओळखणारा हा माणूस होता. आपण मात्र त्यांच्या छायाचित्राला हार घालतो आणि ध्वनीचे भौतिकशास्त्र तारविक्रेत्यांच्या हवाली करतो.

आता कबुलीजबाब. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आहे, आणि तरीही मी अशी एक तार विकत घेतली होती.

चार वर्षांपूर्वी, बरीच बचत करून, मी जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेतले. टॉवर म्हणतात तसे. छातीपर्यंत येणारे, एकेक उचलायला दोन माणसे लागणारे. तिरुवान्मियूरमधील भाड्याच्या घराच्या दिवाणखान्यात ते दोन कोपऱ्यांत ठेवले, कारण जागा तिथेच होती. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, कारण मराठी काय आणि तमिळ काय, घरात सोफा भिंतीलाच टेकलेला असतो. पहिल्याच संध्याकाळी काळी एकच्या पट्टीतला एक जुना ख्याल लावला. तंबोऱ्याचा खर्ज असा घुमू लागला की गायकाचा आवाज त्याच्या मागून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटे. ज्या दुकानातून स्पीकर घेतले तिथे विचारले. तिथल्या गृहस्थांनी ‘त्वचा-परिणाम’ या संज्ञेवर दहा मिनिटे विवेचन केले आणि एक तार सुचवली. (विवेचन माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे पाहून चालले होते. त्याचे शिक्षण वाणिज्य शाखेचे.) तार दोनशे तास ‘मुरावी’ लागते, असेही सांगितले. मी ती घेतली, आणि खोटे कशाला बोलू, पंधरा दिवस मला फरक ऐकूही आला.

सोळाव्या दिवशी कागद घेऊन बसले. ती बेरीज-वजाबाकी इथे देते, कारण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यालाही ती करता येते. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी, २.५ चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची तार घ्या. लांबी तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. तिचा रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे यामुळे होणारी घट डेसिबलच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढी. स्पीकरचा प्रतिरोध वारंवारतेनुसार बदलतो हे धरले, तरी सारा खेळ एक दशांश डेसिबलच्या आत संपतो. त्वचा-परिणाम खरा आहे. तांब्यात २० किलोहर्ट्झला प्रवाह पृष्ठभागाजवळच्या अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी थरात एकवटू लागतो. पण त्याने एवढ्या तारेचा रोध ०.०१ ओहमच्या आसपास वाढतो, म्हणजे डेसिबलचा शंभरावा हिस्सा. संज्ञा खरी, तिच्यामागची राशी शून्याच्या शेजारची, आणि किंमत लाखाची. फसवणूक नेमकी इथे आहे. तो गृहस्थ खोटे भौतिकशास्त्र सांगत नव्हता. तो खरे भौतिकशास्त्र आकड्यांविना सांगत होता.

नंतर एका विद्यार्थ्याला घरी बोलावले. पडद्याआड तो नाणे उडवून तार बदलणार किंवा न बदलणार, मी ओळखायचे. वीस खेपांपैकी अकरा वेळा बरोबर. केवळ अंदाजाने अकरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते. पंधरा बरोबर आले असते, तर मी हा लेख लिहिला नसता.

मग तो खर्ज का घुमत होता? माझी खोली पाच मीटर लांब, ३.६ रुंद, तीन उंच. चेन्नईच्या तीस अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. पाच मीटर अंतरावरील दोन समांतर भिंतींमध्ये पहिला स्थिर तरंग ३५ हर्ट्झला उभा राहतो आणि दुसरा ७० ला. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा: ६९.३. म्हणजे माझी खोली योगायोगाने त्या खर्जालाच लावलेली होती. भिंतींपाशी ध्वनिदाबाचा प्रस्पंद असतो. मी स्पीकर कोपऱ्यात ठेवून खोलीचे सारे अनुनाद चेतवले होते आणि भिंतीला टेकून बसून ते सारेच्या सारे कानांवर घेत होते. हीच जागा मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे असती, तर ७० हर्ट्झचा निस्पंद आला असता आणि खर्ज जवळजवळ नाहीसा झाला असता. तोच स्पीकर, तीच तार, तेच ध्वनिमुद्रण. साध्या मापनमायक्रोफोनने आणि विनामूल्य मिळणाऱ्या ‘रूम ईक्यू विझार्ड’ या संगणकप्रणालीने मोजले, तेव्हा सोफ्यावर ७० हर्ट्झची पातळी आजूबाजूपेक्षा १४ डेसिबलने वर होती. ध्वनिदाबात ती पाचपट. हे पंचविसाव्या हिश्श्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे, आणि परदेशी परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही. तिकडील अनेक घरांच्या लाकडी चौकटीवरच्या पातळ जिप्समच्या भिंती खालच्या वारंवारतांची बरीच ऊर्जा शोषतात वा बाहेर जाऊ देतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती आणि लादीची जमीन ती परत खोलीत ढकलतात. अशा लहान खोलीत ३० हर्ट्झपर्यंत उतरणारे टॉवर ठेवणे म्हणजे जे अनुनाद लहान स्पीकरने फारसे चेतवलेच नसते, तेही पैसे मोजून जागे करणे होय. टॉवरना माझा विरोध नाही. मोठ्या पातळीवरही त्यांची विकृती कमी राहते, मृदंगाच्या डाव्या बाजूचा भार ते पेलतात, आणि माझे अजून माझ्याकडेच आहेत. पण ते कुठे उभे करायचे हे मला विकताना कोणी विचारले नाही. खोलीची लांबीही कोणी विचारली नाही.

पुढचे काम फुकटाचे होते, फक्त कष्टाचे. स्पीकर कोपऱ्यांतून ओढून मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे आणले. तिथे ८७ हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परतलेल्या लाटेमुळे खळगा पडला; मग दहा-दहा सेंटिमीटरनी सरकवत तीन रविवार गेले. सोफा भिंतीपासून १.९ मीटर पुढे आला. साताऱ्याहून आलेल्या आईने विचारले, ‘अगं, हा वाटेत का ठेवलायस?’ तिला स्थिर तरंग समजावण्याचा प्रयत्न मी केला, आणि ती अजूनही वळसा घालताना काहीतरी पुटपुटते. उरला निनाद. ५४ घनमीटरच्या रिकाम्या, कठीण पृष्ठभागांच्या खोलीत शोषण सरासरी पाच टक्के धरले, तर निनादकाल दोन सेकंदांच्या घरात जातो. पुस्तकांची कपाटे, सतरंजी आणि भिंतीशी उभ्या केलेल्या कापसाच्या जुन्या गाद्या यांनी तो अर्ध्या सेकंदाखाली आला. वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून हेच मोजले होते, आणि त्यातून निनादकालाचे सूत्र जन्मले. आज माझ्याकडे ७० हर्ट्झचे शिखर पाच डेसिबलवर आहे.

‘कान हेच अंतिम प्रमाण’ असे म्हणणाऱ्यांना मी विरोध करीत नाही. माझे म्हणणे एवढेच की त्यांनी खरोखर कानांवर विश्वास ठेवावा, आणि डोळे मिटावेत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर आधी झाकून आणि नंतर उघडपणे ऐकवले. उघड चाचणीत गुण आकार, किंमत आणि नाममुद्रेकडे झुकले, हे अपेक्षितच होते. मला अस्वस्थ करते ते दुसरे निरीक्षण. झाकलेल्या चाचणीत श्रोत्यांना स्पीकरची जागा बदलल्याचा फरक जाणवत होता; डोळ्यांसमोर वस्तू येताच ती जाणीव मंदावली. म्हणजे महाग वस्तूकडे पाहताना माणूस खोली ऐकू शकत नाही. शोरूममधली मंद प्रकाशयोजना आणि चकचकीत लाकूड नेमके हेच काम करतात.

काही सहकारी म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. त्यात वैज्ञानिकांनी का पडावे? हा तुच्छतावाद मला विक्रेत्यांच्या थापांइतकाच घातक वाटतो. मार्गळीच्या संगीत-हंगामात सभा-सभांतून फिरणारा, निवृत्तिवेतनातून आयुष्यात एकदाच चांगला संच घेणारा श्रोता या शहरात मला सतत भेटतो. तो श्रीमंत नाही. तो कर्नाटक संगीतावर प्रेम करणारा माणूस आहे, आणि त्याच्याशी ‘क्वांटम’ हा शब्द वापरून व्यवहार होतो. तो शब्द आमच्या विषयाच्या पतीवर खर्च केला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क(ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. ते आम्ही जादूटोणा आणि फलज्योतिष यांच्या विरोधात आवेशाने बजावतो. परंतु अंधश्रद्धा इंग्रजीतून, आलेखासह आणि करपावतीसह आली की आमचा आवेश ओसरतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. विक्रेत्याने प्रत्येक स्पीकरसोबत प्रतिध्वनिरहित स्थितीतील, समोरच्या आणि बाजूच्या दिशांचे मापन छापावे. त्याची मानक पद्धत उपलब्ध आहे. तारेबाबत ओहम, हेन्री आणि फॅरड हे तीन आकडे द्यावेत. ज्या दाव्याला एकक नाही तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसतो का, हे कोणी तरी तपासून घ्यावे. आणि आपल्या महाविद्यालयांनी पुढच्या विज्ञान दिनी रामन यांच्यावर सहावे भाषण ठेवण्याऐवजी एका वर्गखोलीचे अनुनाद विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावेत. मोजपट्टी, एक स्पीकर आणि फोन एवढ्यावर भागते.

चेन्नईतील कोणाही तारविक्रेत्याला माझ्या घरी यावे असे इथे जाहीर निमंत्रण आहे. तार त्याची, हव्या तितक्या तासांची मुरलेली. ध्वनिमुद्रण त्याने निवडावे. ऐकणाराही त्यानेच आणावा. पडदा आणि नाणे माझे. वीसपैकी पंधरा बरोबर आले, तर तार मी पूर्ण किमतीला घेईन आणि निकाल इथेच प्रसिद्ध करीन. कमी आले तरी प्रसिद्ध करीन. सोफा वाटेत आहे, त्याला वळसा घालून यावे.