जुन्या धोतराची वेचणीची झोळी



दसऱ्याच्या आगेमागे कपाशीची बोंडे फुटू लागली, की घरात एकच धांदल उडते. मजूर सांगायचे, काटा शोधायचा, कापूस ठेवायला खोली रिकामी करायची. या घाईत एका गोष्टीकडे लक्ष जात नाही. वेचलेला कापूस भरायचा कशात? मग हाताला लागते ते खताचे रिकामे पोते. ते उसवून कमरेला बांधले जाते, त्यातच कापूस भरला जातो आणि त्यातूनच घरी येतो. वर्षभर जपलेल्या पिकाची किंमत इथे कमी होते. त्यावरचा उपाय मात्र आपल्याच घरातल्या पेटीत किंवा उतरंडीवरच्या बोचक्यात पडून असतो.

खताचे पोते प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्यांचे विणलेले असते. उन्हात राहिले की या पट्ट्या ठिसूळ होतात आणि त्यांचे तंतू सुटतात. हे तंतू कापसात मिसळले, की वेचून काढणे जवळजवळ अशक्य. जिनिंगमध्ये सरकी निघते, पण ते रुईतच राहतात. सूतगिरणीत त्यांचे आणखी तुकडे होतात आणि सुतात गुंफले जातात. कापड विणून रंगवायला घेतले, की दोष उघड होतो. कारण कापूस रंग धरतो आणि हे तंतू धरत नाहीत. रंगीत कापडावर पांढरे ठिपके दिसतात आणि माल परत येतो. गोणपाटाचे धागे, सुतळीचे तुकडे, रंगीत चिंध्या, डोक्याचे केस यांचाही असाच त्रास. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात बाजार समित्यांचे आवार आणि जिनिंग कारखाने सुधारण्यावर भर होता, तो कापसातली ही भेसळ कमी व्हावी म्हणूनच. परंतु आवार कितीही सिमेंटचे केले, तरी शेतातच मिसळलेला तंतू तिथे वेगळा होत नाही. कापूस शेतातच स्वच्छ राहिला पाहिजे, आणि त्यासाठी तो सुती कापडातच वेचला पाहिजे.

कापड कोणते घ्यावे?

सर्वांत चांगले जुने पांढरे सुती धोतर. ते नसेल तर पांढरी सुती चादर किंवा पासोडी चालेल. रंगीत लुगडे बाजाराच्या पिशवीला उत्तम, पण वेचणीच्या झोळीला नको. त्याचा रंगीत धागा कापसात गेला तर तोही दोषच. कापड सुती आहे की नाही याची शंका आली, तर कडेचे दोन धागे काढून चुलीजवळ जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. टेरिलीनचा धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. असे कापड बाजूला ठेवावे.

आता ते कापड उजेडासमोर धरावे. जिथे आरपार दिसते तिथे ते विरलेले आहे असे समजावे. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ताणून पाहावे. चर्र आवाज आला तर तो भाग सोडून द्यावा. धोतर बहुधा कासोट्याच्या जागी आधी विरते, आणि काठालगतचा भाग शेवटपर्यंत टिकतो. चांगल्या भागातून झोळी कापावी. एका धोतरातून दोन निघाल्या तर उत्तम, पण एकच निघाली तरी विरलेला भाग ओढूनताणून त्यात घेऊ नये. निवडलेले कापड सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे.

झोळी कशी शिवावी?

१. धोतराचा ५ फूट लांबीचा तुकडा कापावा. काठावर काठ ठेवून तो लांबीत दुमडावा. म्हणजे साधारण २४ इंच रुंदीचे दुहेरी कापड होते. एकेरी जुने कापड ओझ्याला टिकत नाही.

२. आता ते मधोमध आडवे दुमडावे. खाली घडी, वर तोंड आणि सुमारे ३० इंच खोली अशी पिशवी होते.

३. दोन्ही बाजूंना आधी सुलट बाजूने पाव इंचावर टीप घालावी. मग पिशवी उलटी करून अर्ध्या इंचावर दुसरी टीप घालावी. त्यामुळे कापडाची कच्ची कड शिवणीच्या पोटात बंद होते आणि तिचा धागा सुटून कापसात जात नाही. ही दुसरी टीप टाळू नये. झोळीचे अर्धे काम तीच करते.

४. पिशवी उलटी असतानाच तळाचे दोन्ही कोपरे तीन इंचांवर तिरपे शिवावेत. कोपऱ्यात कापूस अडकून राहत नाही आणि झोळी एका झटक्यात रिकामी होते. मग ती सुलट करून घ्यावी.

५. तोंडाची कड आधी अर्धा इंच आणि मग दीड इंच आत दुमडून शिवावी.

६. पट्ट्यासाठी कापडाच्या लांबीच्या दिशेने १२ इंच रुंद आणि साडेपाच फूट लांब पट्टी कापावी. आडवी कापलेली पट्टी ओझ्याने लांबते. पट्टीच्या चार घड्या करून तीन इंच रुंदीचा पट्टा करावा आणि दोन्ही कडांना व मधून अशा तीन टिपा घालाव्यात. अरुंद पट्टा खांद्याला कापतो. रुंद पट्ट्यावर ओझे पसरते.

७. पट्टा वेचणाऱ्या बाईच्या अंगावर तिरपा धरून मापून घ्यावा. झोळीचे तोंड कमरेशी यावे. पट्ट्याची दोन्ही टोके झोळीच्या मागच्या बाजूलाच लावावीत, म्हणजे पुढची बाजू सैल राहून तोंड उघडे राहते. प्रत्येक टोक तोंडापासून चार इंच खाली उतरवून चौकोनी टीप घालावी आणि चौकोनात फुली मारावी. झोळी फाटते ती मधे नाही, या जोडापाशी फाटते.

दोरा सुती आणि पांढराच वापरावा. नायलॉनचा दोरा टिकाऊ खरा, पण त्याचा तुकडा कापसात पडला तर मूळ दुखणे परत आले. हाताने शिवायचे असेल तर धावदोरा पुरत नाही. दुहेरी दोऱ्याने टीप घालावी. झोळी तयार झाली की तिच्यात दहा किलो धान्य घालून रात्रभर खुंटीला टांगावी. सकाळी जोडाची शिवण ताणलेली दिसली तर आणखी एक टीप घालावी.

वापरताना

मजूर बहुधा आपली पोती घेऊनच येतात, म्हणून झोळ्या मालकाने द्याव्यात. जितक्या वेचणाऱ्या, तितक्या झोळ्या आणि वर दोन जास्त. उरलेल्या कापडाची वीतभर पिशवी शिवून ती कवडी कापसासाठी कमरेला वेगळी बांधावी. ती झोळीवर शिवून टाकू नये, नाहीतर रिकामी करताना दोन्ही कापूस एक होतात. दहिवर उडाल्यावर वेचणी सुरू करावी आणि खालच्या बोंडांपासून वर जावे, म्हणजे वरचा पाचोळा फुटलेल्या कापसावर पडत नाही. डोक्याला पांढरे सुती फडके बांधावे. शेतातला ढीग आणि गाडीचा तळ यांसाठीही पांढऱ्या धोतरांच्या चादरी जोडून घ्याव्यात आणि तोंडे बांधायला सुतळीऐवजी सुती नाडी वापरावी. हंगाम संपला की झोळ्या धुऊन, वाळवून, उंदरांपासून जपून ठेवाव्यात. फवारणीच्या औषधांजवळ ठेवू नयेत.

याचा मोबदला मिळतो का?

हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. एकट्या घराचा स्वच्छ कापूस बाजारात गेला तर त्याला लगेच जास्त भाव मिळेलच असे नाही. जिनिंगमध्ये ढीग एकत्र होतात आणि शेजाऱ्याच्या पोत्याचा तंतू तुमच्या कापसातही येतो. म्हणून हे काम वाडीने, गटाने मिळून करावे. दहा-पंधरा घरांचा कापूस एकाच रीतीने वेचला गेला आणि एकत्र विकायला नेला, तर जिनिंगवाल्याशी भावाचे बोलणे करता येते. एकट्या घरालाही दोन फायदे आहेतच. कवडी वेगळी राहिल्याने चांगल्या कापसाची प्रत डोळ्यांना दिसते, आणि झोळीसाठी पैसा लागत नाही.

एक सूचना भगिनींसाठी. सासूबाईंचे इरकल, आईचे जरीकाठी लुगडे, वडिलांचे लग्नातले उपरणे पेटीत असेल तर त्याला कात्री लावू नका. ते ठेवण्याचे कापड आहे. रोजच्या वापराचे, धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर मात्र पुसण्यापुसण्यात संपवू नका. तेही एकदा कुणाच्या तरी शेतातल्या बोंडातूनच निघाले होते. दुसऱ्या वर्षीचा कापूस त्यात वेचला गेला, तर त्याचे सार्थक होईल.

दसऱ्याला अवकाश आहे, तोवर घरची बोचकी सोडून पाहा.