भक्तीचा हमीभाव आणि चित्रपटाची प्रतवारी

पौष महिन्यातील रविवारी भातकुली तालुक्यातील ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी यात्रा भरते. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारट, ओलिताची सोय बेताची आणि पीक पावसाच्या मर्जीवर अवलंबून. अशा प्रदेशातील माणूस वर्षातून एकदा नदीवर स्नानाला येतो, नारळ फोडतो आणि चार घटका करमणुकीत घालवून घरी परततो. याच काठावर चिखलातून घसरत जाणारे यात्रेकरू पाहून गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून घाट बांधविला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या या संताच्या जन्माला २०२६मध्ये दीडशे वर्षे पूर्ण होतात. अशा निमित्ताने ग्रंथ निघतात, पुतळे उभे राहतात, आणि अलीकडच्या रिवाजाप्रमाणे चित्रपटाच्याही घोषणा होतात. म्हणूनच श्रद्धेवर उभ्या राहणाऱ्या चित्रपटव्यवसायाचा ताळेबंद एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

हा व्यवसाय पुन्हा जोमात आला आहे, हे सांगण्यास आकडेशास्त्राची गरज नाही. २०२५च्या एप्रिल महिन्यात मुक्ताबाईंच्या चरित्रावरील मराठी चित्रपट पडद्यावर आला. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रदर्शित झालेल्या नरसिंहावताराच्या चित्रमालिकावजा पटाने शेकडो कोटींचा गल्ला जमविला. नामांकित नट नाही, प्रेमकथा नाही, तरीही प्रेक्षक सहकुटुंब आले. भाविक प्रेक्षक हा मोठा ग्राहक आहे आणि तो एकगठ्ठा येतो, ही गोष्ट भांडवलदाराच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

उगम ख्रिस्तपटात

या व्यवसायाचे मूळ शोधू गेल्यास ते एका ख्रिस्तपटापाशी जाऊन पोहोचते. मुंबईच्या एका तंबूत दादासाहेब फाळके यांनी येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि पडद्यावरील ख्रिस्त पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. त्यातून १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला. त्यासाठी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि सरस्वतीबाईंनी अंगावरील दागिने दिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विषय धार्मिक होता, पण जोखीम सर्वस्वी निर्मात्याची होती. कोणत्याही मठाने अथवा मंडळाने आगाऊ तिकिटे घेऊन त्यांना अभय दिले नव्हते. चित्र लोकांना रुचले नसते तर फाळके कुटुंब रस्त्यावर आले असते.

पाश्चात्त्य देशांतही आरंभ असाच होता. ल्यू वॉलेस यांची ‘बेन-हर’ ही कादंबरी १८८०ची. तिचे उपशीर्षकच ती ख्रिस्ताची कथा असल्याचे सांगते. १९५९मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटास सुमारे दीड कोट डॉलर खर्च आला आणि डबघाईला आलेल्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने आपले भवितव्य या एका डावावर लावले. चित्रपटाला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि कंपनी तरली. लॉइड डग्लस यांच्या ‘द रोब’ या कादंबरीवरील १९५३चा चित्रपट तर सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावरील पहिला चित्रपट म्हणून इतिहासात नोंदला गेला. कथा ख्रिस्ती होत्या, परंतु त्या विकल्या गेल्या खुल्या बाजारात. श्रद्धावान आणि अश्रद्ध, दोघांनाही खिळवून ठेवणे निर्मात्याला भाग होते.

हमी आली, कस गेला

पुढे या गणितात बदल झाला. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरी १९९५मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मालिकेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतका वाचकवर्ग हाताशी असताना चित्रपट बुडण्याची धास्ती कशाला? २०००मध्ये निघालेला चित्रपट चित्रगृहांत येण्यापूर्वीच व्हिडिओफितीवर भाविकांच्या घरी पोहोचविण्यात आला. पण ज्यांच्या कल्पनेतून कथा उतरली, ते लाहे स्वतःच निर्मात्यांविरुद्ध न्यायालयात गेले. ज्या तोलामोलाच्या चित्रपटाचे वचन दिले होते, तसा तो निघाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. २०१४मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला आणि समीक्षकांनी तोही झिडकारला. कोट्यवधी वाचकांची हमी असूनही चांगला चित्रपट मिळाला नाही. किंबहुना हमी होती म्हणूनच चांगल्याची निकड कोणाला भासली नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

याउलट बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एका चर्चने २००८मध्ये ‘फायरप्रूफ’ हा चित्रपट अवघ्या पाच लाख डॉलरांत काढला. कामाला चर्चचेच स्वयंसेवक होते. त्याने तीन कोटींहून अधिक डॉलर मिळविले. ‘द चोझन’ या ख्रिस्तचरित्रमालिकेला सोळा हजारांहून अधिक सामान्य माणसांनी मिळून सुमारे एक कोट डॉलर दिले. मोठ्या कंपन्या ज्या विषयाला दार उघडत नाहीत, त्याला समाज आपल्या पैशाने दार उघडून देतो, ही गोष्ट लोकशाहीला साजेशीच आहे. छोट्या समूहांना आपली गोष्ट सांगण्याचा दुसरा मार्ग तरी कोणता? तथापि ‘द चोझन’च्या बाबतीत एक बारकावा आहे. दिग्दर्शकाने प्रथम एक लघुपट करून लोकांपुढे ठेवला, आणि तो आवडल्यावर लोकांनी पैसे दिले. वर्गणी होती, पण वर्गणीपूर्वी परीक्षा होती.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९७२मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा भावाची हमी आली, पण खरेदी केंद्रावर प्रतवारी सुटली नाही. बोंड ओले असेल, धागा आखूड असेल, कवडी मिसळली असेल, तर गाडी खालच्या प्रतीत जाई. त्या प्रतवारीत अन्याय होत असे, ही तक्रारही खरी होती. तरीसुद्धा प्रतवारीच नको, असे कोणी शहाणा शेतकरी म्हणाला नाही. निसर्ग आणि व्यापारी यांच्या कात्रीत सापडलेल्या कास्तकाराला हमी हवी, हे न्याय्यच आहे. मात्र देवाच्या नावावर तिकीट विकणाऱ्या निर्मात्याला हमी हवी आणि प्रतवारी नको, हा सौदा भाविकाच्या तोट्याचा आहे. चित्र रटाळ आहे असे म्हणताच श्रद्धेचा अपमान झाला, अशी ओरड होणार असेल, तर प्रतवारी करायची कोणी?

बाहेरच्यांनी घडविलेली भक्ती

या प्रश्नाचे उत्तर मराठी चित्रपटाच्या इतिहासानेच देऊन ठेवले आहे. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. वारकऱ्यांच्या तुकोबांना पडद्यावर साकारणाऱ्या जोडीतील एक कलावंत मुसलमान होता, याचे त्या काळी कोणाला वैषम्य वाटले नाही. चित्रपटात चमत्कार आहेत, अखेरीस विमानही आहे. पण तो आजही जिवंत वाटतो तो जिजाईमुळे. घरात दाणा नाही, पोरे उपाशी आहेत, आणि नवरा भजनात दंग आहे. ही बाई थेट देवळात जाऊन विठोबाला जाब विचारते. भक्तीची किंमत घरातील बाई मोजते, हे सत्य दामले-फत्तेलालांनी लपविले नाही. केवळ भाविकांच्या संतोषासाठी चित्र काढायचे असते तर जिजाईला कजाग ठरवून गप्प बसविणे सोपे होते.

इतरत्रही हाच अनुभव येतो. ‘बेन-हर’चे दिग्दर्शक विल्यम वायलर ज्यू होते. मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर १९६४मध्ये चित्रपट काढणारे पाझोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक होते. वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र १९७७च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटाचे आहे. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात गाडगेबाबांची भूमिका केली डॉ. श्रीराम लागू यांनी. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे जाहीरपणे सांगणारा हा बुद्धिवादी नट. त्याने हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेतले, आणि प्रेक्षकांना त्यात आपले बाबा दिसले. विश्वास नसलेल्या माणसाला भूमिका समजून घ्यावी लागते. आपल्याला ती ठाऊकच आहे, अशा भ्रमात तो राहू शकत नाही. ही बळजबरीची नम्रता कलेला उपकारक ठरते.

याचा अर्थ श्रद्धावानाने चित्रपट काढूच नये, असा नव्हे. फाळके श्रद्धावानच होते. १९७५मध्ये अल्प खर्चात निघालेला ‘जय संतोषी माँ’ हा ‘शोले’च्या वर्षी गर्दी खेचून गेला. चित्रगृहात बायाबापड्यांनी चपला बाहेर काढल्या, पडद्यावर फुले आणि नाणी वाहिली. त्या गर्दीला हसणे सोपे आहे. परंतु सासुरवासाने गांजलेल्या स्त्रीला त्या तीन तासांत जो दिलासा मिळाला, तो खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार अर्थशास्त्राला नाही, समीक्षकालाही नाही. प्रश्न दिलाशाचा नाही. दिलासा देऊन झाल्यावर माणूस आहे तेथेच राहतो की एक पाऊल पुढे टाकतो, हा आहे.

धर्मप्रसाराच्या वाङ्मयालाही हीच कसोटी लागते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची ख्रिस्ती कादंबरी. तिचा हेतू उघडपणे धर्मप्रसाराचा, पण तिच्यातील विधवांची दुःखे सर्व समाजाची होती. म्हणून ती इतिहासात टिकली, उपदेश मात्र मागे पडला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी रूपांतर केले. सुहास जोशी यांच्या लक्ष्मीबाई घरोघरी पाहिल्या गेल्या, त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून नव्हे. धर्मांतराच्या वावटळीतही हसणारी, चुकणारी आणि पुन्हा उभी राहणारी एक मराठी बाई त्यांत दिसली, म्हणून.

बाबांच्या कसोटीवर

आता पुन्हा पूर्णेच्या काठाकडे वळू. गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा घेतला, आणि तो थोडाथोडका नव्हता. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उठल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःसाठी झोपडीदेखील ठेवली नाही. त्यांच्या कीर्तनात प्रश्न असत. देव कोठे आहे, कोंबडे-बकरे कापून तो प्रसन्न होतो काय, कर्ज काढून सण कशाला करता, पोराला शाळेत का घालत नाही? श्रोत्यांना होकार-नकार द्यावा लागे, आणि उत्तर देता देता ते स्वतःच अडचणीत येत. हे कीर्तन म्हणजे ऐकणाऱ्याचीच प्रतवारी होती. भाविकाला खूश करून वर्गणी उकळणे हा मार्ग त्यांना सहज उपलब्ध होता. त्यांनी भाविकाला खजील करून वर्गणी मिळविली आणि तिचा घाट बांधून दाखविला.

अशा संतावर उद्या भाविकांच्या पैशातून चित्रपट निघाला आणि त्यात बाबांच्या मस्तकामागे तेजोवलय फिरू लागले, त्यांच्या स्पर्शाने रोगी उठून बसू लागले, तर ती श्रद्धांजली नसेल. ज्यांनी चमत्काराचा बाजार झाडून काढला, त्यांच्याच नावाने तो पुन्हा मांडल्यासारखे होईल. त्या बाजाराची तिकिटे मंडळांमार्फत वाटली जाणार, शाळांतील पोरांना रांगेने नेले जाणार आणि चित्रपट सुमार आहे असे म्हणणारा देवद्रोही ठरणार असेल, तर अपेक्षित सर्व लाभ निर्मात्याचा आणि सर्व तोटा समाजाचा, असाच हिशेब निघेल.

उपाय अवघड नाही, पण त्याला धैर्य लागते. श्रद्धेच्या नावे वर्गणी मागणाऱ्याने आधी पटकथा लोकांपुढे ठेवावी आणि जमाखर्च जाहीर करावा. आगाऊ तिकिटे घेणाऱ्या संस्थांनी चित्र पाहून मगच ती घ्यावीत. आणि भाविक प्रेक्षकाने कापसाच्या गाडीशी उभे राहून जो चोखंदळपणा आयुष्यभर सोसला, तोच चोखंदळपणा तिकीटखिडकीवर स्वतः दाखवावा. नारळ नासका निघाला तर तो देवाला कोणी वाहत नाही. नासके चित्र मात्र देवाचे म्हणून का वाहून घ्यावे?

ऋणमोचन या नावाचा अर्थच ऋणातून सुटका असा आहे. गाडगेबाबांचे ऋण वऱ्हाडावर मोठे आहे. ते फेडायचे तर त्यांना देव्हाऱ्यात बसविणारे चित्र पुरणार नाही. त्यांच्या प्रश्नांनी प्रेक्षकाला पुन्हा एकदा अडचणीत आणणारे चित्र काढावे लागेल, आणि असे चित्र हमीवर निघत नसते.