भर उन्हातली रात्र



जुना पिक्चर लावला की नातवंडांचं हसणं ठरलेलं. नायिका मध्यरात्री घर सोडून निघते आणि तिची सावली जमिनीवर अशी काळीकुट्ट पडते, जणू दुपारचे बारा वाजलेत. "आजी, ही रात्र खोटी!" मुलांचं बरोबर आहे. ती रात्र दुपारचीच असते. पण ती तशी का करीत आणि कशी करीत, ते ऐका.

पूर्वीच्या फिल्मला उजेड फार लागे. काळोख्या रात्री डोंगर नाहीतर वाळवंट उजळायचं म्हणजे मोठाले दिवे, जनरेटर, माणसं, सगळा खर्चच. आणि एवढं मैदान दिव्यांनी उजळतं थोडंच? म्हणून सूर्यालाच चंद्र करायचा. फ्रेंच लोक या युक्तीला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. त्याच नावाचा फ्रांस्वा त्रुफो यांचा चित्रपट १९७३ साली आला आणि १९७४ साली त्याला ऑस्कर मिळालं.

मूकपटांच्या काळी तर दिवसाच शूटिंग करून फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवीत. निळं दिसलं की रात्र, हे प्रेक्षकांना ठाऊक असे. १९२२ सालच्या ‘नोस्फेरातु’ या जर्मन चित्रपटातला रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने मरतो. पण निळा रंग नसलेली प्रत पाहिली तर तोच गडी लख्ख उन्हात शवपेटी काखेत घेऊन फिरताना दिसतो!

पुढे कॅमेऱ्यातच युक्त्या झाल्या. उजेड कमी आत घ्यायचा, साधारण चौथा हिस्सा. रंगीत फिल्मसाठी निळी काच लावायची. काळ्यापांढऱ्या फिल्मसाठी मात्र लाल काच, कारण तिच्यातून निळं आकाश काळं पडतं. शक्यतो आकाश चौकटीत येऊच द्यायचं नाही. सूर्य नटाच्या पाठीमागे ठेवायचा, म्हणजे केसांना आणि खांद्यांना चंदेरी कड येते आणि तोंड सावलीत राहतं. खिडकीत किंवा मोटारीला दिवा असेल तर तो चांगला जोरदार लागतो, उन्हात मिणमिणता दिवा दिसायचाच नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मधल्या वाळवंटातल्या काही रात्री अशाच दिवसा घेतलेल्या आहेत. ‘जॉज’ (१९७५) च्या सुरुवातीला ती मुलगी रात्री पोहायला जाते ना, तीही.

पण रात्र निळीच का? चांदणं म्हणजे सूर्याचाच परतलेला उजेड, पौर्णिमेलाही उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद. तो काही निळा नसतो. निळेपणा आपल्या डोळ्यांत आहे. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक रंग ओळखणाऱ्या, त्या भरपूर उजेडात काम करतात. दुसऱ्या रात्रपाळीच्या. या रात्रपाळीवाल्यांना तांबडं जवळजवळ दिसत नाही, निळसर हिरवं जास्त दिसतं. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंदीचं लाल फूल आधी काळं पडतं, पानं मागाहून. आम्ही वॉर्डात रात्रपाळी करीत असू तेव्हा मंद दिव्यात पेशंटच्या ओठांच्या रंगावर कधी भरवसा ठेवला नाही. टॉर्च लावूनच पाहायचो.

आता आमच्या वयाच्या मंडळींसाठी. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळट पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यातही पिवळं भिंग निळाच रंग अडवतं. आजकालचे कॅमेरे मेणबत्तीच्या उजेडातही काम करतात, म्हणून नवे लोक खरा काळोखच घेतात. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मधली रात्रीची लढाई इतकी अंधारी निघाली की तरण्याताठ्यांनीही तक्रार केली. मग आपलं काय? जुन्या खोट्या रात्रीत निदान कोण कोणाला मारतोय ते कळतं, हे आमचं मत. पण दिवसाची दृश्यंही धुरकट दिसत असतील किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपत असतील, तर टीव्हीला दोष देऊ नका, मोतीबिंदू तपासून घ्या. ऑपरेशननंतर "सगळं निळं निळं दिसतंय" म्हणणारे पेशंट आम्ही पुष्कळ पाहिले!

दिवसाची रात्र करणं अजून बंद झालेलं नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) साठी नामिबियाच्या वाळवंटात उलटा प्रकार केला: उजेड मुद्दाम जास्त घेतला आणि मागाहून कॉम्प्युटरवर काळोख केला. त्यामुळे सावलीतलंही सगळं स्वच्छ राहिलं.

आपल्या बेने इस्राएली जोसेफ डेव्हिड पेणकरांनी लिहिलेला ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट. त्याची गंमत निराळी. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, दिवसभर गाड्यांचा खडखडाट. म्हणून बरंचसं शूटिंग गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर चाले. तिथे रात्र हवी होती ती शांततेसाठी!

मुलांनो, मोबाइलवर तुम्हीही करून पाहा. संध्याकाळी चारच्या सुमारास घराबाहेर जा. मित्राला उन्हाकडे पाठ करून उभा करा, त्याच्या मागे झाड नाहीतर भिंत येऊ द्या, आकाश नको. सूर्याकडे मात्र कोणीही बघायचं नाही. स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची खूण खाली ओढा, मग रंग थोडा निळा करा. मित्राच्या हातात चांगला मोठा टॉर्च द्या. आणि फिल्म झाली की आधी आजोबांना दाखवा, त्यांना त्यात काय काय दिसतं ते विचारा.