पोट आणि प्रयोजन

वर्ध्याच्या अभ्यासिकांत सकाळीच खुर्ची धरणारी मुले रात्रीपर्यंत हलत नाहीत. समोर राज्यसेवेची, तलाठी भरतीची, पोलीस भरतीची पुस्तके. घरी कापूस आणि सोयाबीनचे वावर असते, पण तिकडे परतायचे नाही एवढे पक्के असते. तिथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. तिथे पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून चांगल्या पगाराची तरुण मंडळी येतात, कारण सगळे मिळूनही आयुष्य रिकामे वाटते. एकाला नोकरी नाही म्हणून जगण्यात राम वाटत नाही, दुसऱ्याला नोकरी असूनही वाटत नाही. या दोघांना एकच उपदेश करता येईल का?

या जिल्ह्याने एकदा या प्रश्नाचे उत्तर देऊन पाहिले आहे. 1921 मध्ये विनोबा वर्ध्याला आले, 1936 मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले आणि पुढे त्या गावाचे सेवाग्राम झाले. त्यांच्या उत्तरात आत्मशोधाला फार जागा नव्हती. समोरच्या माणसाचे काम आधी हाती घ्यायचे होते. संस्कृतचे जाणकार परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन 1939 मध्ये आश्रमाच्या दारी आले. त्या काळी अशा माणसाला घरचेही जवळ करत नसत. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी दिली. ते स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करत आणि काम चालू असताना दोघे संस्कृत श्लोक म्हणत. विनोबांच्या परिवारातले मनोहर दिवाण त्याआधीच, 1936 पासून, दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी झटत होते. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवणारे ठाकुरदास बंग अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले होते. अर्थशास्त्र शिकायचे तर खेड्यात जा, या गांधीजींच्या सल्ल्यावर त्यांनी तो बेत सोडला आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बरबडीला राहिले. आपल्या जगण्याला अर्थ आहे का, हे विचारायला या माणसांना उसंतच नव्हती.

आम्हाला हे उत्तर खरे वाटते. पण ते अर्धे सांगितले जाते. सेवाग्रामच्या साधेपणामागे उद्योगपती जमनालाल बजाज यांची जमीन आणि संपत्ती उभी होती. हा दोष नव्हे, पण पोटाची सोय दुसऱ्या कुणीतरी केलेली होती, ही वस्तुस्थिती आहे. विनोबांना ती बोचत होती. 1950 मध्ये त्यांनी पवनारला धाम नदीकाठी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. दानाचा पैसा नको, स्वतः विहीर खणायची आणि स्वतः पिकवलेलेच खायचे. पुढच्याच वर्षी ते पायी तेलंगणात गेले. पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी त्यांच्यापुढे मागणी ठेवली ती ऐंशी एकर जमिनीची. भूदान तिथून सुरू झाले. ज्याच्याकडे वावर नाही, त्याच्या तोंडी प्रयोजनाआधी वावर येते, हे विनोबांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

आजचा वर्धा पश्चिम विदर्भाच्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत मोजला जातो. 2006 चे पंतप्रधान पॅकेज याच जिल्ह्यांसाठी होते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने भरलेली पऱ्हाटी पोखरली. ज्या कापसाच्या सुताभोवती इथला सगळा विचार विणला गेला, तो पिकवणाऱ्याचाच हिशेब जुळत नाही. त्याच्या मुलाला श्रमाचे मोल ऐकवणे क्रूरपणाचे आहे. त्याने श्रम पाहिले आहेत, भाव पाहिलेला नाही.

मात्र पगार मिळाला की प्रश्न मिटला, असेही नाही. ठाकुरदासजींचे चिरंजीव डॉ. अभय बंग सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणाच्या वातावरणात वाढले. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर तरुण येतात, पोटाची भ्रांत नसलेले. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातल्या नव्या मुलांचे पहिले पंधरा दिवस आश्रमात जातात, मग त्यांच्या तुकडीला एक गाव दत्तक मिळते. पूर्वी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. ‘नीट’ आली आणि तो गेला. त्याची फार हळहळ करू नये, पाठांतराने तोही सुटत असणार. गावातले एखादे घर आपल्या वाट्याला येणे ही गोष्ट वेगळी. तिथे ताप उतरला की नाही, हे दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे लागते.

तेव्हा आमचा कल सेवाग्रामच्या उत्तराकडेच आहे, पण एका अटीवर. अर्थपूर्ण काम करणाऱ्याला त्या कामावर घर चालवता आले पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे. बाळंतिणीच्या दारी सर्वांत आधी पोचणाऱ्या आशाताईंना पगार नाही, मानधन आहे आणि त्यासाठीही संपावर जावे लागते. शिक्षणसेवकाला प्राथमिक शाळेत 6,000 रुपये मिळत. 2023 मध्ये त्याचे 16,000 झाले. अभ्यासिकेतला मुलगा हे सगळे जाणतो. म्हणून तो तलाठ्याची जागा धरतो, शाळेची नाही. त्याला ध्येयवाद शिकवण्याआधी शाळांतल्या जागा भरा, आशाताईंना पगार द्या, कापसाची खरेदी केंद्रे वेळेवर उघडा. मग त्याने सेवाग्रामची वाट धरली नाही, तर त्याला जाब विचारता येईल.