गाडी बदलली, आता सवयही बदलावी

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ तुमकूर, हुबळी, बेळगावमार्गे कोल्हापूर-पुण्याकडे येतो. सुट्टी लागली की मुलेबाळे व सामानसुमान घेऊन गावी निघणाऱ्या मराठी कुटुंबांचा हाच रस्ता. वर्षानुवर्षे जपलेल्या ॲम्बॅसडरला किंवा प्रीमियर पद्मिनीला निरोप देऊन ज्यांनी वॅगन-आरसारखी ऐसपैस गाडी घेतली असेल, त्यांनी प्रवासापूर्वी दोहोंतील एक भेद समजून घ्यावा.

पीण्यात लेथवर काम करणाऱ्यांना दांडा व दंतचक्र यांची ओळख करून द्यावयास नको. जुन्या गाड्यांत एंजिन पुढे असे, पण त्याचा जोर लांब दांड्यावाटे मागच्या चाकांना मिळे. त्या दांड्यासाठी गाडीच्या तळाला मध्यभागी उंचवटा ठेवावा लागे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये आणि १९९९ च्या वॅगन-आरमध्ये हा जोर पुढच्या चाकांनाच दिला गेला. लांब दांडा गेला, बसावयास जागा वाढली. शिवाय एंजिनचा भार ओढणाऱ्या चाकांवरच पडल्याने ओल्या रस्त्यावर पकडही चांगली मिळते.

परंतु ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे आता पुढच्या चाकांवर आली. निसरड्या वळणावर अधिक जोर दिला तर जुनी गाडी मागून घसरे. नवी मात्र न वळता सरळ पुढे जाऊ पाहते. अशा वेळी स्टिअरिंग अधिक पिळू नये. ॲक्सिलरेटर हलकेच सैल करावा. वळणाआधीच वेग कमी करणे सर्वांत श्रेयस्कर. मागे फार ओझे भरल्यास चढणीवर पुढच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून जड पेट्या तळाशी, मागच्या आसनाला टेकवून ठेवाव्यात.

पुढचे टायर लवकर झिजतात. त्यांची वेळोवेळी मागच्यांशी अदलाबदल करावी. दोनच नवे घ्यावयाचे असल्यास ते मागे बसवावेत, कारण मागची चाके घसरली तर गाडी सावरणे कठीण. पुढच्या चाकांच्या सांध्यांवरील रबरी आवरणेही तपासावीत. ते फाटले की ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. आवरण वेळीच बदलले तर सांध्याचा मोठा खर्च वाचतो.

घरात गाडी चालविणारे जितके असतील, त्या सर्वांनी घाटात जाण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर थोडा सराव अवश्य करावा.