गुणवत्ता मोजणारे डोळे कोणाचे?

'गुणवत्ता असेल तर माणूस वर येतोच' हे वाक्य आरक्षणाच्या प्रत्येक वादात आमच्या तोंडावर फेकले जाते. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: 'खेळात कुठे आहे आरक्षण?' तर मग खेळाचेच बोलू. तेही अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे, जिथे प्रत्येक गुणाचा हिशोब ठेवला जातो.

एनबीए ही तिथली व्यावसायिक लीग. दरवर्षी तिचे संघ नव्या खेळाडूंमधून पाळीपाळीने निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. 2010 च्या ड्राफ्टमध्ये 60 खेळाडू निवडले गेले. जेरेमी लिन त्यात नव्हता. आईवडील तैवानहून आलेले, जन्म कॅलिफोर्नियातला. 2006 साली राज्य अजिंक्यपद जिंकणाऱ्या शाळेच्या संघाचा तो कर्णधार होता. तरी वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो हार्वर्डला गेला. तिथे अशी शिष्यवृत्ती नसतेच.

त्याची गुणवत्ता आकड्यांत दिसत नव्हती का? दिसत होती. ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी आकडेवारीवर खेळाडू पारखण्यासाठी प्रसिद्ध. त्यांच्या गणिताने लिनला साधारण 15 व्या क्रमांकावर घेण्याजोगा ठरवले होते. तरी त्यांनी घेतले नाही, कारण पारख्यांच्या नजरेला तो चपळ वाटला नाही. पुढे खेळाडूंच्या पहिल्या दोन पावलांचा वेग प्रत्यक्ष मोजला, तेव्हा त्यात लिनच सर्वांत पुढे निघाला. तो आशियाई होता याखेरीज आपल्या चुकीचे दुसरे कारण सुचत नाही, अशी कबुली मोरींनीच लेखक मायकेल लुईस यांच्याजवळ दिली.

डिसेंबर 2011 मध्ये एकाच महिन्यात दोन संघांनी लिनला सोडले. त्यातला एक ह्यूस्टनच! न्यूयॉर्क निक्सने घेतले ते दुखापतींमुळे माणसे कमी पडली म्हणून. 4 फेब्रुवारी 2012 ला त्याने 25 गुण केले आणि 10 तारखेला लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध 38.

'मग आला ना वर?' असे कोणी म्हणेल. आला, पण दुसऱ्याच्या दुखापतीमुळे. ज्यांच्या वाट्याला हा योगायोग आला नाही, त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत?

वंश म्हणजे जात नव्हे, हे आम्ही जाणतो. लिन शिकलेल्या घरातला होता. आमच्या वस्तीतल्या पोराइतकी त्याची वाट बंद नव्हती. तरीही पूर्वग्रहाने त्याला अडवले. आज ज्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू बहुसंख्य आहेत, तिच्या ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडला गेला तो 1950 साली. त्याआधी त्यांच्यात गुणवत्ता नव्हती काय?

आपल्याकडचा दाखला तर त्याहून जुना आहे. चर्मकार समाजातले गोलंदाज पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तिथे तर आकडे साऱ्या जगासमोर होते. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे 1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, म्हणून त्यांच्यावरचा हा अन्याय लहान होत नाही.

आता विद्यापीठांच्या निवड समित्यांकडे पाहा. राखीव जागेवर पीएचडी, नेट झालेले उमेदवार येतात आणि शेरा पडतो: 'नॉट फाउंड सूटेबल'. कोणत्या निकषावर? कोणाला किती गुण? मोरींकडे निदान स्वतःचे गणित होते, म्हणून नजरेची चूक पकडता आली. इथे मोजपट्टीच दाखवत नाहीत, मग चूक पकडणार कशी?

म्हणून मित्रांनो, गुणवत्तेच्या वादात बचावाची भाषा सोडा. आम्हाला गुणवत्तेची भीती नाही, लपवलेल्या मोजपट्टीची चीड आहे. मुलाखतीचे निकष आधी जाहीर करा, प्रत्येक सदस्याने दिलेले गुण लेखी ठेवा, नाकारलेल्याला कारण लेखी द्या, समितीत आमची माणसे बसवा. माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येक वेळी टाका. आरक्षण ही गुणवत्तेला दिलेली सूट नाही. आंधळ्या नजरेपुढे गुणवत्तेला उभे राहता यावे, यासाठी मिळवलेली ती जागा आहे.

जय भीम!