पाच हजारांची अनामत, चाळीस लाखांचा आवाज

शेजारीण परगावी निघाली की दागिन्यांचा डबा आपल्या घरी ठेवून जाते. ती अमानत. निवडणुकीला उभा राहणारा सरकारकडे रक्कम ठेवतो, ती अनामत. शब्द मुळात एकच.

आपला बदनापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. विधानसभेसाठी इतरांना १० हजार रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५ हजार. गरिबालाही दार उघडे राहावे, हा हेतू. पण दार ओलांडले की २०२४ मध्ये खर्चाची मर्यादा होती ४० लाख. पाच हजार जमवणारा तिथे कसा टिकणार?

काहीजण म्हणतात, मर्यादा हवीच कशाला? बोलणे हा नागरिकाचा हक्क आहे. पत्रके छापायला, गाडी फिरवायला पैसा लागतोच. खर्च अडवला म्हणजे बोलणे अडवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये साधारण असेच ठरवले: देणगीवर मर्यादा चालेल, प्रचाराच्या खर्चावर नाही. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. निवडून आलेल्याला सगळे ओळखतात, नवख्याला ओळख करून द्यायलाही पैसे मोजावे लागतात.

पण आपल्या घरातलेच पाहा. दस्तरखानावर दहाजण बसले आणि एकाने हातात कर्णा घेतला, तर बाकीच्यांचे तोंड कोणी बांधलेले नसते. तरी ऐकू कोणाचे येते? म्हणून मर्यादा हवी. ती बोलण्यावर नाही, कर्ण्याच्या आवाजावर आहे.

आपल्याकडे मर्यादा आहे, पण ती गळकी. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला गेला. २००३ मध्ये ही पळवाट बरीच बुजवली, तरी पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. माठावर झाकण ठेवले, तळाचे भोक तसेच.

मराठवाड्यातलाच दाखला घ्या. भोकरच्या २००९ च्या निवडणुकीत पैसे देऊन बातम्या छापल्याचा आरोप झाला आणि अशोक चव्हाण यांच्या खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हिशेब खरा आहे का, हे निवडणूक आयोग तपासू शकतो, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. आयोगाने हिशेबात दोष काढला. पण दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अधिकार मिळाला, मात्र सिद्ध करणे किती अवघड तेही दिसले.

मग आपण काय करावे? निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. १ रुपया भरून तो कोणालाही पाहता येतो. आपल्या गल्लीतून किती गाड्या फिरल्या, कुठे मंडप पडले, किती पंगती उठल्या, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? जालन्याला काही कामाने गेलात तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या आणि कागदावरचे आकडे डोळ्यांनी पाहिलेल्याशी ताडून पाहा.

परगावाहून आलेली शेजारीण डबा परत घेताना उघडून बघते. त्यात अविश्वास नसतो; ती रीतच आहे. मतही आपण कोणाकडे तरी ठेवलेली अमानतच आहे.